मॉनिटरचा अ‍ॅडॉप्टर बदलताना: पिन बसण्याआधी काय पाहावे

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या सिडकोत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा मॉनिटर बंद पडला. संध्याकाळी वीज दोनदा गेली, दोनदा आली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा पडदा काळाच राहिला. त्यांच्या मुलाने माळ्यावरची खोकी धुंडाळून दोन जुने अ‍ॅडॉप्टर शोधले, ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि मला हाक मारली. दोन्ही काळे, जवळपास सारख्याच वजनाचे, आणि दोन्हींची पिन मॉनिटरच्या मागच्या भोकात अलगद बसत होती. एकावर १४ व्होल्ट लिहिले होते, दुसऱ्यावर १९. "दादा, दोन्ही बसतात, मग मोठाच लावू का?" असे त्याने विचारले. लावण्याआधी विचारले हे बरे झाले, कारण त्या मॉनिटरला १४ व्होल्टच हवे होते.

ही गफलत केवळ नवख्यांची आहे असेही नाही. "साहेब, बसतंय ना, मग चालतंय" हे वाक्य मी दुकानाच्या काउंटरवरही पुष्कळदा ऐकले आहे. अ‍ॅडॉप्टरची पिन मॉनिटरमध्ये बसणे आणि तो अ‍ॅडॉप्टर मॉनिटरला जुळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या लेखात पिनेचा विचार मुद्दाम शेवटी केला आहे. त्याआधी व्होल्ट, अँपिअर, विजेचा प्रकार आणि प्लस-मायनसची दिशा या चार गोष्टी त्याच क्रमाने तपासायच्या आहेत.

दोष अ‍ॅडॉप्टरचाच आहे ना?

नवा अ‍ॅडॉप्टर आणायला निघण्यापूर्वी दहा मिनिटे घरातच खर्च करावीत. सर्वप्रथम मॉनिटरच्या मागे जाणारी वायर नीट पाहावी. ती मध्ये कोणतीही पेटी न लागता थेट भिंतीवरच्या बोर्डापासून मॉनिटरपर्यंत जात असेल आणि तिच्या टोकाला सीपीयूला लागते तशी तीन भोकांची रुंद टोपी असेल, तर वीज रूपांतरित करणारा भाग मॉनिटरच्या आतच आहे. अशा मॉनिटरला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो आणि हा लेख त्याच्या उपयोगाचा नाही. वायरीच्या मधोमध काळी पेटी असेल, किंवा बोर्डात बसणारा प्लगच जाडजूड डबीसारखा असेल, तर पुढे वाचावे.

बोर्डाचे बटण चालू आहे का, त्याच बोर्डावर मोबाइल चार्ज होतो का आणि पेटीत खुपसलेली वायर सैल झालेली नाही ना, हे तपासावे. ही वायर पेटीपासून सुटी होत असेल, तर घरातली तशीच दुसरी लावून पाहावी. कित्येकदा बिघाड तेवढाच असतो. आठ या इंग्रजी आकड्यासारखी दोन गोलांची वायर जुन्या रेडिओला किंवा प्रिंटरलाही असते, त्यामुळे ती बहुतेक घरांत सापडते.

अ‍ॅडॉप्टर बिघडल्याची काही लक्षणे ओळखता येतात. मॉनिटरचा छोटा दिवा लुकलुकतो, कंपनीचे नाव दिसते आणि दोन सेकंदांत पडदा विझतो. उजेड कमी केला तर चालतो आणि वाढवला की बंद होतो. किंवा पेटीला कान लावला तर आतून बारीक टिक-टिक ऐकू येते. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, कमजोर झाले की असे घडते. अशा अ‍ॅडॉप्टरला काही जोडलेले नसताना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावला, तर आकडा अगदी बरोबर येतो आणि मॉनिटर जोडताच व्होल्ट कोसळतात. म्हणूनच मल्टिमीटरवर १९ दिसले एवढ्यावरून जुना अ‍ॅडॉप्टर ठणठणीत आहे असा निष्कर्ष काढू नये. आकडा शून्य आला तर मात्र तो गेला, यात शंका नाही.

एक सूचना इथेच द्यावीशी वाटते. कुतूहल म्हणून पेटी फोडून पाहू नये. घरातले २३० व्होल्ट आत गेल्यावर त्यांचे डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर होते तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ ते तिथे राहू शकतात.

मॉनिटरच्या पाठीवर काय लिहिले आहे

जुन्या अ‍ॅडॉप्टरवरचा मजकूर पाहून नवा घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो निम्माच खरा आहे, कारण हातातला अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे याची खात्री कुणी देत नाही. मधल्या काळात कुणीतरी भलताच लावून दिलेला असू शकतो. खरा आधार मॉनिटरच्या पाठीवरच्या लेबलाचाच. हे लेबल बहुधा स्टँडच्या जवळ, कधी स्टँडच्या मागे झाकलेले, तर कधी पिनेच्या भोकाशेजारी प्लॅस्टिकवरच कोरलेले असते. अंधारात डोळे ताणण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावा. तोच फोटो पुढे दुकानातही उपयोगी पडतो.

लेबलावर मॉडेल क्रमांक असतो, आणि व्होल्ट व अँपिअर दाखवणारी एक छोटी ओळ असते. उदाहरणार्थ, १९ च्या पुढे व्होल्टचे इंग्रजी अक्षर, मग एक सरळ रेघ व तिच्याखाली तीन तुटक रेघा, आणि शेवटी १.३ च्या पुढे अँपिअरचे अक्षर. काही लेबलांवर मंजूर अ‍ॅडॉप्टरचे मॉडेल क्रमांकही छापलेले असतात. तसे असेल तर निम्मे काम झालेच. लेबल फाटलेले असेल, तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावरचे माहितीपत्रक उघडावे. मॉडेल क्रमांकही वाचता येत नसेल, तर अंदाजाने काहीही लावू नये. तो मॉनिटर दुरुस्ती करणाऱ्याकडे नेणे स्वस्त पडते.

व्होल्ट आणि अँपिअर

लेबलावरचे व्होल्ट आणि अ‍ॅडॉप्टरच्या आउटपुटचे व्होल्ट सारखे असले पाहिजेत. इथे आउटपुट हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अ‍ॅडॉप्टरवर इनपुटचेही आकडे असतात आणि घाईत भलतीच ओळ वाचली जाते. मॉनिटरमध्ये १२, १४ आणि १९ व्होल्ट हे आकडे वारंवार भेटतात. १९ च्या जागी १९.५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर साधारणपणे चालतो, कारण एवढा फरक मॉनिटरच्या आतले सर्किट सांभाळून घेते. परंतु १२ च्या जागी १४, किंवा १४ च्या जागी १९ हा फरक सांभाळून घेण्याजोगा नाही.

व्होल्ट कमी पडले तर मॉनिटर बहुधा सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन बंद पडतो. नुकसान क्वचित होते. व्होल्ट जास्त झाले तर मात्र आतले कपॅसिटर आणि नियंत्रक चिप जळण्याची शक्यता असते. मी स्वतः हे एकदा पाहिले आहे, मॉनिटरवर नव्हे तर राउटरवर. टेबलाखाली वायरींचा गुंता होता, राउटर १२ व्होल्टचा होता आणि हातात आला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. पिन बसली. दिवे क्षणभर नेहमीपेक्षा तेजाने लागले, मग उष्ण बेकेलाइटसारखा वास आला आणि राउटर कायमचा गेला. त्या दिवसापासून माझ्या घरातल्या प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या पिनेजवळ पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर व्होल्ट लिहिलेले आहेत.

अँपिअरचा नियम वेगळा आहे आणि नवख्यांचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा आकडा. तो तेवढे ढकलतो असा त्याचा अर्थ नाही. पातेले मोठे आहे म्हणून पानात जास्त वाढले जात नाही, मॉनिटर त्याला हवे तेवढेच घेतो. म्हणून लेबलावर १.३ अँपिअर असेल, तर अ‍ॅडॉप्टर १.३, १.७, २.१ किंवा अगदी ३ अँपिअरचा असला तरी हरकत नाही. मात्र १.३ च्या जागी ०.८४ चा लावला, तर तो सतत पूर्ण ताकदीने राबेल, तापेल आणि बहुधा टिक-टिक करत बंद-चालू होईल. थोडे जास्त अँपिअर घेतलेले मला नेहमीच बरे वाटतात. नाशिकचा उन्हाळा अलीकडे जसा तापतो, ते पाहता पेटीला मोकळीक असलेली चांगली.

अँपिअर कधी मिलिअँपिअरमध्ये लिहिलेले असतात. २१४० मिलिअँपिअर म्हणजे २.१४ अँपिअर, हे रूपांतर कागदावर करून घ्यावे. काही ठिकाणी फक्त वॅट लिहिलेले असतात, तेव्हा व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे सूत्र पुरेसे आहे: १९ गुणिले १.३ म्हणजे २४.७ वॅट, १४ गुणिले २.१४ म्हणजे जवळपास ३० वॅट, १२ गुणिले ३ म्हणजे ३६ वॅट. मात्र वॅट जुळले म्हणून व्होल्ट जुळले असे होत नाही. ३० वॅटचा १४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि ३० वॅटचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

डीसी, एसी आणि प्लस-मायनस

मॉनिटरला डीसी वीज लागते. अ‍ॅडॉप्टरच्या आउटपुटपुढे सरळ रेघ व खाली तुटक रेघा असतील तर ती डीसी; नागमोडी रेघ असेल तर ती एसी, म्हणजे बोर्डात असते तशी दिशा बदलत राहणारी वीज. एसी देणारे जुने, जड, ट्रान्सफॉर्मरचे अ‍ॅडॉप्टर आता कमी दिसतात, पण जुन्या खोक्यांत असतात. ते मॉनिटरला लावू नयेत.

पुढे पाहायचे ते प्लस-मायनसचे चिन्ह. अ‍ॅडॉप्टरवर एक ठिपका, त्याभोवती अर्धवट उघडे वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना प्लस व मायनस अशी छोटी आकृती छापलेली असते. प्लसची रेघ ठिपक्याला जोडलेली असेल, तर पिनेच्या आत प्लस आणि बाहेरच्या धातूवर मायनस. बहुतेक मॉनिटर असेच असतात. पण सगळी उपकरणे अशी नसतात. कॅसिओचे जुने ९ व्होल्टचे कीबोर्ड आणि गिटारचे अनेक पेडल यांच्यात मायनस आत असतो. ज्या घरात मुले वाद्य शिकतात तिथे हे अ‍ॅडॉप्टर एकाच खणात पडलेले असतात, म्हणून सांगितले. मॉनिटरवरचे चिन्ह आणि अ‍ॅडॉप्टरवरचे चिन्ह शेजारी-शेजारी धरून जुळवावे. मनात धरून जुळवू नये.

अ‍ॅडॉप्टरच्या इनपुटवर १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्‌झ लिहिलेले असावे. परदेशातून कुणी आणलेल्या वस्तूंमध्ये क्वचित फक्त १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर निघतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावला, तर पहिल्याच क्षणी जातो.

आता पिन

पिनेची बाहेरची आणि आतली अशी दोन मापे असतात आणि ती मिलिमीटरमध्ये सांगतात. ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ ही दोन मापे डोळ्यांना एकसारखी दिसतात, आणि घोळ इथेच होतो. मॉनिटरच्या भोकात मधोमध २.५ मिलिमीटरची दांडी असेल, तर २.१ ची पिन आत जातच नाही; ते सोपे आहे, कारण चूक लगेच कळते. उलट मॉनिटरची दांडी २.१ ची आणि पिन २.५ ची असेल, तर ती सहज शिरते, पण आत सैल राहते. वायरीला धक्का लागला की पडदा विझतो, आणि त्या सैल जागी ठिणग्या पडून धातू काळवंडतो. पिन बसवल्यावर किंचित घट्टपणा जाणवला पाहिजे आणि हलकेच फिरवून पाहिले तर मॉनिटर विझता कामा नये. व्हर्निअर कॅलिपर असेल तर मोजून खात्री करावी. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारे कुणी घरात किंवा शेजारी असेल, तर ही अडचण नाशकात फारशी येत नाही. मी तर माप घ्यायला वरच्या मजल्यावरच्या मामांकडेच जातो.

आता सुरुवातीच्या प्रसंगाचे कारण सांगतो. सॅमसंगच्या १४ व्होल्टच्या अनेक मॉनिटरना आणि एलजीच्या १९ व्होल्टच्या अनेक मॉनिटरना साधारण एकाच घडणीची पिन असते: बाहेरून सुमारे ६.५, आतून सुमारे ४.४ मिलिमीटर आणि मध्ये बारीक सुई. या दोन कंपन्यांचे मॉनिटर घराघरांत आहेत, त्यामुळे त्यांचे अ‍ॅडॉप्टर एकाच खोक्यात येतात आणि एकमेकांच्या जागी बिनबोभाट बसतात. पिन जुळण्यावर विसंबू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

मधल्या सुईबद्दल आणखी एक बारकावा. एचपी आणि डेलच्या लॅपटॉपच्या ७.४ मिलिमीटरच्या पिनेतही अशी सुई असते, पण ती वीज नेण्यासाठी नसते. अ‍ॅडॉप्टर कोणता आहे, किती वॅटचा आहे हे ती लॅपटॉपला कळवते. तिथे प्लस असतो तो नळीच्या आतल्या भिंतीवर. त्यामुळे अशा पिनेवर मल्टिमीटर सुईला टेकवला तर गोंधळात टाकणारा आकडा येतो.

सगळे जुळते पण पिनेचे माप वेगळे आहे, अशा वेळी पिन बदलणारा छोटा कनेक्टर मिळतो आणि तो वापरायला हरकत नाही. जुन्या अ‍ॅडॉप्टरची वायर कापून नव्याला जोडणे मात्र नवख्याने टाळावे. पांढरी पट्टी असलेली वायर प्लस की मायनस, याचा सर्व कंपन्यांत एकच नियम नाही, आणि पिळून टेप गुंडाळलेला सांधा सहा महिन्यांत सैल होतो.

दुकानात

महात्मा गांधी रोडवर किंवा शालिमारच्या आसपास अ‍ॅडॉप्टर शोधायला निघताना लेबलाचा फोटो, शक्य असल्यास जुना अ‍ॅडॉप्टर आणि एका कागदावर चार आकडे न्यावेत. दुकानात "मॉनिटरचा चार्जर द्या" असे मोघम मागण्याऐवजी "१९ व्होल्ट, किमान १.३ अँपिअर, आत प्लस, मध्ये सुई असलेली ६.५ ची पिन" असे सांगितले की समोरचा माणूसही सावध होतो आणि शोधाशोध वाचते. मूळ कंपनीचा मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास चांगल्या कंपनीचा कम्पॅटिबल अ‍ॅडॉप्टर वर्षानुवर्षे चालतो.

संगणकाच्या उपकरणांसाठीचे अ‍ॅडॉप्टर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. त्यामुळे पेटीवर ब्यूरोचे नोंदणीचिन्ह, मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानात उभे राहूनच हे करता येते. छपाईत स्पेलिंगच्या चुका, नखाने निघणारे स्टिकर, आकड्यांच्या मानाने फारच हलकी पेटी, यांतले काहीही दिसले तर तो अ‍ॅडॉप्टर परत ठेवावा. बिल घ्यावे आणि त्यावर वॉरंटीचा कालावधी लिहून घ्यावा.

अनेक व्होल्ट निवडण्याची सरकती कळ आणि पाच-सहा पिना असलेले 'युनिव्हर्सल' अ‍ॅडॉप्टर मला पसंत नाहीत. कळ १२ वरून २४ वर जायला झाडू मारताना लागलेला धक्का पुरतो. घ्यायचाच झाला तर योग्य आकड्यावर कळ ठेवून तिच्यावर पट्टी चिकटवून टाकावी. बोर्डात बसणाऱ्या प्लगला दोन पिना की तीन, याचाही विचार करावा. जुना अ‍ॅडॉप्टर तीन पिनांचा, अर्थिंग असलेला असेल, तर नवाही तसाच घ्यावा. दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावल्यावर मॉनिटरच्या किंवा सीपीयूच्या धातूच्या भागाला उघड्या हाताने स्पर्श केला की कधी कधी बारीक झिणझिण्या येतात, त्या अर्थिंग नसल्यामुळे.

घरी आणल्यावर

मल्टिमीटर असल्यास नवा अ‍ॅडॉप्टर मॉनिटरला जोडण्याआधी एकदा मोजावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, आकड्याच्या वरच्या टप्प्यावर ठेवावा. लाल टोक पिनेच्या आत आणि काळे टोक बाहेरच्या धातूला लावावे. दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला १९ च्या आसपास आकडा यावा. आकड्याआधी वजाचे चिन्ह आले, तर प्लस-मायनस उलटे आहे. तसाच परत करावा.

मग बोर्डाचे बटण बंद ठेवून आधी पिन मॉनिटरमध्ये घालावी आणि नंतर बटण चालू करावे, म्हणजे पिनेवर ठिणगी पडत नाही. उजेड पूर्ण वाढवून, पडद्यावर पांढरे पान उघडून अर्धा तास चालू ठेवावे आणि मधूनमधून पेटीला हात लावून पाहावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे. तळहात पाच सेकंदही ठेववत नसेल, किंवा जळका वास येत असेल, तर बटण बंद करून तो दुकानात परत न्यावा. पेटी गादीवर, पडद्यामागे किंवा कागदांच्या गठ्ठ्याखाली ठेवू नये. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लगच काढून ठेवावा. साध्या एक्सटेन्शन बोर्डाने त्यापासून संरक्षण मिळत नाही.

जुना, गेलेला अ‍ॅडॉप्टर "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून परत माळ्यावर टाकू नये, कारण दोन वर्षांनी तोच कुणीतरी चांगला समजून लावतो. तो घंटागाडीच्या रोजच्या कचऱ्यात न घालता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा. देईपर्यंत त्याच्या पिनेवर टेप गुंडाळून पेटीवर ठळक अक्षरांत 'खराब' असे लिहून ठेवावे.